जे घडलं नाही, त्याची नोंद

जगभरातल्या दहशतवादी हल्ल्यांची एक मोठी यादी आहे, ग्लोबल टेररिझम डेटाबेस म्हणतात तिला, अमेरिकेतली मेरीलँड युनिव्हर्सिटी ती सांभाळते. १९७० पासूनच्या दोन लाखांहून जास्त घटना तिच्यात आहेत. तारीख, गाव, शस्त्र कुठलं, मेले किती, जखमी किती. या विषयात काम करणारा माणूस कधी ना कधी या यादीपाशी येतोच. आणि या यादीत १९९३ हे सालच नाहीये. सुरुवातीची माहिती पिंकर्टन नावाच्या खाजगी सिक्युरिटी कंपनीच्या माणसांनी जमवली होती, बातम्या वाचायच्या आणि हाताने कार्डं भरायची असं काम, आणि पुढे कधीतरी ऑफिस हलवताना १९९३ ची कार्डं हरवली. नंतर जुन्या पेपरांवरून ते वर्ष पुन्हा उभं करायचा प्रयत्न झाला पण हाती फारच थोडं लागलं, म्हणून मुख्य यादीत १९९२ संपलं की थेट १९९४ सुरू होतं.

आपल्यासाठी १९९३ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. १२ मार्च, शुक्रवार. शेअर बाजार, एअर इंडिया बिल्डिंग, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार, दादरचं प्लाझा. २५७ माणसं गेली. बडोद्यातल्या मराठी घरांचा एक पाय कायम मुंबईत असतो, कुणाची आत्या गिरगावात तर कुणाचा मामा दादरला, आणि आई अजून सांगते की त्या संध्याकाळी रावपुऱ्यात एसटीडी बूथच्या बाहेर जी रांग होती त्यात निम्मी माणसं आपलीच होती आणि लाइन लागतच नव्हती.

त्या दिवशी बॉम्ब जितक्या ठिकाणी फुटले, ते सगळ्यांनी पाहिलं. मुख्यमंत्री शरद पवारांनी त्याहून एक ठिकाण जास्त सांगितलं. ते जादा नाव त्यांनी मस्जिद बंदरचं जोडलं, मुस्लिम वस्तीचं, कारण बाकीच्या जागा बहुतेक हिंदू वस्तीतल्या होत्या आणि जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत, मुंबईत ९०० माणसं मेली होती. लोकांचा लगेच समज होऊ नये की एका समाजाने दुसऱ्यावर केलेला हा हल्ला आहे, म्हणून. हे पवारांनी नंतर स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. मला सरकारने जनतेशी खोटं बोललेलं आवडत नाही, एरवी मी त्याच्या विरोधातच उभी राहीन. पण त्या रात्री मुंबई पुन्हा पेटली नाही ही गोष्ट खरी आहे आणि त्यात त्या न फुटलेल्या जादा बॉम्बचा वाटा किती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? कार्डं हरवली नसती तरी ते लिहायला जागा नव्हतीच. गेली बरीच वर्षं मला या विषयात सगळ्यात जास्त हीच गोष्ट खुपते. हिंसा झाली की तिची नोंद होते, अभ्यास होतो, परिषदा होतात. हिंसा होता होता राहिली तर ती कुणाच्याच वहीत नसते.

एम. एस. युनिव्हर्सिटीतून पोलिटिकल सायन्समध्ये एमए केल्यावर काही काळ मी एका रिसर्च प्रोजेक्टवर कोडिंगचं काम केलं. कॉम्प्युटरचं कोडिंग नव्हे, जुन्या पेपरांच्या बांधीव फायली उघडायच्या, एकेक पान बघत जायचं आणि हिंसेची बातमी दिसली की फॉर्म भरायचा. त्या फायलींचा कागद इतका ठिसूळ झालेला असतो की पान उलटताना कडेचे तुकडे मांडीवर पडतात, संध्याकाळी उठलं की ओढणीवर पिवळा चुरा. फॉर्मवर रकाने ठरलेले. घटनेचं कारण काय दिलंय, किती तास चालली, कर्फ्यू लागला का, मिलिटरी बोलावली का, आकडा पोलिसांचा की बातमीदाराचा. आणि एक सूचना होती की मृत किंवा जखमी नसतील तर घटना धरायची नाही. त्यामुळे 'मिरवणुकीवर दगड पडला, दोन्हीकडचे लोक मधे पडले, तणावपूर्ण शांतता' अशी चार ओळींची बातमी आली की पान उलटायचं. गुजराती पेपरात 'अजंपाभरी शांती' असतं, मराठीत 'तणावपूर्ण शांतता', दोन्हीकडे बातमी तिथेच संपते. कोण मधे पडलं, का पडलं, त्यांचं लोकांनी ऐकलं कसं, याची दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक ओळ नसते. मी शोधायचे, खरंच शोधायचे, कारण मला त्या दगडापेक्षा त्या मधे पडलेल्या माणसांचं कुतूहल जास्त होतं.

हे अभ्यासकांना कळत नाही असं नाही. दहशतवाद म्हणजे नक्की काय यावरच किती घोळ आहे बघा, ॲलेक्स श्मिड यांनी १९८० च्या दशकात १०९ वेगवेगळ्या व्याख्या गोळा केल्या होत्या. मोजायचं काय तेच ठरत नसेल तर निदान मेलेली माणसं मोजू, त्यावर वाद नाही, असा विचार होणं साहजिक आहे. अडचण अशी की फक्त पेटलेली शहरं बघत बसलं तर कारणं सापडतात भरपूर, पण तीच कारणं न पेटलेल्या शहरातही असतात हे दिसतच नाही. मिरवणूक तिथेही निघते, मशिदीवरून जाते, भडकवणारे तिथेही असतात.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी नेमकं हेच उलटं करून बघितलं म्हणून त्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी मिळून १९५० ते १९९५ पर्यंतच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीतून हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद काढली. खेड्यांमध्ये मेलेल्यांचं प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी निघालं. आणि देशभरातल्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास ४६ टक्के फक्त आठ शहरांत. मग त्यांनी जोड्या लावल्या, दंगलीचं एक शहर आणि लोकसंख्येचं प्रमाण साधारण तसंच असलेलं पण शांत राहिलेलं दुसरं. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. शांत शहरांमध्ये त्यांना दिसलं की तिथे दोन्ही समाजाची माणसं एकाच व्यापारी मंडळात, युनियनमध्ये, पक्षात, क्लबात असतात. नुसतं एकमेकांच्या सणाला जाणं, शेजार असणं एवढं खेड्यात पुरतं, शहरात पुरत नाही, शहरात काहीतरी बांधलेली संघटना लागते जिच्यात दोघांचे हितसंबंध अडकलेले असतात. लखनौला चिकनकारीचा, म्हणजे कापडावरच्या भरतकामाचा धंदा आहे, व्यापारी बहुतेक हिंदू, कारागीर बहुतेक मुस्लिम, दंगल झाली तर दोघांचंही वाटोळं.

त्या आठ शहरांची नावं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा क्षणभर पुढे वाचवेना. अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कलकत्ता, दिल्ली.

बडोदा! आम्ही आमच्या गावाला संस्कारी नगरी म्हणतो आणि मी ते मनापासून म्हणते. सयाजीरावांचं गाव. दांडिया बाजारात अजून जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, उस्ताद जुम्मादादा मुस्लिम, त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव मराठी, आणि शिष्याने आखाडा वाढवला तो उस्तादाच्या नावाने. आमच्या घरातले किती पुरुष तिथे मलखांब शिकले. पण त्याच गावात १९८१-८२ मध्ये महिनोन्महिने दंगली झाल्या, आणि १ मार्च २००२ ला हनुमान टेकरीजवळच्या बेस्ट बेकरीत १४ माणसांचा जीव गेला, ज्याचा खटला सुप्रीम कोर्टाला २००४ मध्ये गुजरातबाहेर, मुंबईला हलवावा लागला. हे दोन्ही एकाच गावाचं आहे. एकावर बोट ठेवून दुसरं झाकायचं, असं आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत सुद्धा चालतं, आणि मला ते जमत नाही.

आता २००८ चं सांगते. २६ जुलै, शनिवारची संध्याकाळ, अहमदाबादेत एकामागून एक वीसेक बॉम्ब फुटले. जखमींना जिथे नेत होते त्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही फुटले, ही बातमी आली तेव्हा घरात कुणी काही बोललंच नाही. पन्नासच्या वर माणसं गेली. पुढचे काही दिवस सुरतेत न फुटलेले बॉम्ब सापडत राहिले, झाडांवरसुद्धा. २००२ ला सहाच वर्षं झाली होती. आमच्या पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत, त्या रविवारी सकाळपासून बायका धान्य, दूध, मेणबत्त्या भरून ठेवत होत्या, सगळ्यांना माहीत होतं की आता काय होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला एक मुलगा धावत आला, पलीकडच्या मोहल्ल्यात ट्रक भरून माणसं उतरलीत म्हणून. आमच्या पोळीत एक काका होते, गणपती मंडळाचे खजिनदार, आवाज एकदम बारीक, चिडलेले मी त्यांना कधी बघितलं नाही. त्यांनी मुलाला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "तू स्वतः पाहिलंस का रे?"

"नाही काका, पानवाला म्हणाला."

काका चपला घालून पानवाल्याकडे गेले. त्याने दूधवाल्याचं नाव सांगितलं. दूधवाल्याला त्याच्या शेजारणीने सांगितलं होतं. शेजारीण म्हणाली की तिच्या नणंदेने गच्चीवरून बघितलं. काका तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि शांतपणे एकेक विचारत गेले, ताई, ट्रक कुठल्या रंगाचा होता, माणसं किती होती, हातात काय होतं त्यांच्या. ती बाई आधी चिडली, मग आठवायला लागली, आणि शेवटी निघालं ते असं की मंडपवाल्याचा ट्रक होता आणि सात-आठ मजूर बांबू उतरवत होते. गणपती महिन्याभरावर आले होते. मी हे सगळं आमच्या गॅलरीतून आणि थोडं काकांच्या मागे जाऊन बघितलंय. काका पुन्हा त्याच रस्त्याने परत फिरले, दूधवाला, पानवाला, प्रत्येकाला थांबून सांगत की बांबूंचा ट्रक आहे, आणि प्रत्येकाला म्हणाले की तू ज्याला ज्याला सांगितलंस त्याला हे पण सांग.

मग घरी येऊन त्यांनी फोन लावला बँडच्या मास्टरला. मास्टर त्याच मोहल्ल्यातले, विसर्जनाच्या मिरवणुकीची सुपारी वर्षानुवर्षं त्यांनाच. त्यांच्याकडे तेव्हा काय बातमी फिरत होती? की आमच्या पोळीतून शंभर पोरं निघालीत. तिकडून मास्टर निघाले, इकडून काका, आणि दोघं मधल्या नाक्यावर चहाच्या दुकानाबाहेर खुर्च्या टाकून बसले, रात्री उशिरापर्यंत. कुणीही पोरगा कुठलीही बातमी घेऊन आला की दोघं मिळून तिचा माग काढायचे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आमच्या भागाचं नावसुद्धा नव्हतं.

वार्ष्णेय यांनी शांतता समित्यांबद्दल जे लिहिलंय, अफवा मारणं हे त्यांचं मुख्य काम, ते मी या काकांच्या रूपात डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मला तो सिद्धांत कागदावरचा वाटत नाही. काका आणि मास्टर एकमेकांच्या घरी जेवायला जात होते का? माझ्या माहितीत नाही. मैत्रीपेक्षा व्यवहार होता, पण पक्का होता, दरवर्षीचा होता आणि एकमेकांचा फोन नंबर पाठ होता.

आणि इथे मला दहशतवादाचे अभ्यासक मार्क सेजमन यांचं काम आठवतं. त्यांनी २००४ मध्ये जागतिक जिहादी गटांमधल्या १७२ जणांचे तपशील तपासले, ही माणसं आत कशी ओढली गेली ते. गरिबी, अडाणीपणा, माथेफिरूपणा ही नेहमीची उत्तरं टिकली नाहीत. बहुतेक जण आत आले ते मित्राच्या नाहीतर नातेवाइकाच्या मागून. ॲलन क्रूगर आणि जित्का मालेच्कोव्हा यांनीही २००३ मध्ये दाखवलं होतं की गरिबीचा आणि दहशतवादाचा आपण धरतो तसा सरळ संबंध लागत नाही. म्हणजे माणसाला हिंसेत नेतात तेही संबंधच आणि बाहेर ठेवतात तेही संबंधच. फक्त आपल्यासारख्यांचंच कोंडाळं असेल, बाहेरची एकही ओळख नसेल, तर त्या कोंडाळ्यात अफवेला कोण विचारणार की तू स्वतः पाहिलंस का? आमच्या शहरात आता सोसायट्या अशाच होत चालल्यात, या समाजाची वेगळी, त्या समाजाची वेगळी, आणि याची भीती मला बॉम्बपेक्षा जास्त वाटते. नव्या सोसायटीतल्या आमच्या खजिनदाराकडे मोहल्ल्यातल्या एकाही माणसाचा नंबर नाहीये. मी विचारलंय त्याला.

पण काकांच्या फोनवर सगळं भागलं असं मी म्हणणार नाही. भारतातल्या दंगलींचे अभ्यासक पॉल ब्रास यांनी आयुष्यभर हे मांडलं की दंगल उसळत नाही, ती घडवली जाते, तिचे ठरलेले कारागीर असतात. आणि ज्या विल्किन्सननी वार्ष्णेय यांच्यासोबत आकडे गोळा केले त्यांनीच २००४ मध्ये सांगितलं की पोलीस राज्य सरकारच्या हातात असतात आणि सरकारला दंगल थांबवायची असेल तर ती थांबते, प्रश्न सरकारला ती थांबवण्यात फायदा दिसतो का एवढाच. मला दोन्ही बाजू वाचून असं वाटतं की २००८ च्या त्या रविवारी आमच्या नाक्यावर पोलिसांची गाडी होती, रात्रभर होती, आणि काकांना ते बळ होतं. २००२ मध्येही अनेक काकांनी अनेक मास्टरांना फोन केले असतील. तेव्हा नुसते फोन पुरले नाहीत.

पोलीस आणि काका एकत्र आले तर काय होतं ते बघायचं तर भिवंडीचं बघावं. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भयंकर दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा. भिवंडी हे नाव घेतलं की माणूस मान हलवायचा. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या, पुढाऱ्यांच्या नव्हे, साध्या माणसांच्या, दोन्ही समाजांच्या, सोबत पोलीस. यातली खरी अक्कल मला वेळेत दिसते. या बैठका शांततेच्या दिवसांत व्हायच्या, नळाचं पाणी, किरकोळ भांडणं, असल्या विषयांवर. त्यामुळे डिसेंबर १९९२ उजाडला तेव्हा ओळखी आधीच झालेल्या होत्या. जवळच मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईनेच ती कल्पना घेतली, ज्युलिओ रिबेरो, पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली.

सरकार हिंसेला कसं उत्तर देतं यावरही बडोद्याचा एक जुना धागा आहे. मी ज्या आर्ट्स फॅकल्टीच्या इमारतीत शिकले ते पूर्वीचं बडोदा कॉलेज, अरविंद घोष तिथे शिकवायचे. १८९३ ते १९०६ ते बडोद्यात होते. त्यांच्याच मदतीने बडोद्याच्या फौजेत भरती झालेले जतींद्रनाथ बॅनर्जी १९०२ मध्ये क्रांतिकारकांची बांधणी करायला बंगालमध्ये गेले. पुढे ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, किंग्जफर्ड या मॅजिस्ट्रेटसाठी होता, मेल्या दोन बायका. सरकारने जूनमध्ये घाईघाईने स्फोटकांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन कडक कायदे केले. त्यावर केसरीत अग्रलेख आला, 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. बॉम्ब दडपशाहीने थांबत नाही, लोकांना हक्क दिले तर थांबतो, असा त्याचा रोख. टिळकांना त्याबद्दल मंडालेची सहा वर्षं मिळाली.

बरोबर १०० वर्षांनी, २००८ मध्ये, रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संशोधन संस्थेच्या सेथ जोन्स आणि मार्टिन लिबिकी यांनी १९६८ ते २००६ मधल्या ६४८ दहशतवादी संघटना तपासल्या. ज्या संपल्या त्या कशा संपल्या? ४३ टक्के राजकारणात आल्या, ४० टक्के स्थानिक पोलीस आणि गुप्तचरांच्या कामामुळे संपल्या, १० टक्क्यांनी आपलं उद्दिष्ट गाठलं, आणि लष्करी बळाने संपल्या त्या फक्त ७ टक्के. हे सरासरीचे आकडे आहेत, पुढच्याच वर्षी श्रीलंकेत लष्कराने एलटीटीईला संपवलं, ज्या किमतीला संपवलं ती किमतही सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी हे आकडे कुणाच्या तोंडावर फेकत नाही. पण १९०८ मध्ये पुण्यात बसलेल्या संपादकाला जे दिसत होतं ते टीव्हीवरच्या रोजच्या आरडाओरड्यात आज कुणी मांडत नाही, याचं वाईट वाटतं.

मला एक सर नेहमी अडवतात. ते म्हणतात, न घडलेली दंगल तू सिद्ध कशी करणार, काका नसते तरी काही झालं नसतं असं कुणी म्हटलं तर? खरं आहे, सिद्ध होणार नाही. पण नोंद तर होऊ शकते ना. अफवा काय होती, किती तोंडांतून आली, पहिला फोन कुणी कुणाला केला, ते एकमेकांना आधीपासून कसे ओळखत होते, पोलीस किती वेळात आले. अशा दोनशे गोष्टी चार शहरांतून जमल्या तर त्यांची तुलना होईल, आणि जिथे फोन करणारं कुणी नव्हतं तिथलीही. मी माझ्यापुरती सुरुवात केलीय, मंडळांचे जुने खजिनदार, बँडवाले, मांजा रंगवणारे, रिक्षावाले, जे बोलतील त्यांच्याशी. काका आता नाहीत, मास्टर आहेत, त्यांचं बोलणं लिहून झालंय. आमच्याकडे विसर्जनाच्या आधी पोलीस स्टेशनात शांतता समितीची बैठक होते, मिरवणुकीचा रस्ता आणि वेळा ठरतात. यंदा मी इन्स्पेक्टर साहेबांकडे तिथे बसायची परवानगी मागितलीय. त्यांनी विचारलं की मॅडम, तिथे भांडण वगैरे काही होत नाही, तुम्ही लिहिणार काय? मी म्हटलं, साहेब, का होत नाही तेवढंच.